गडद कुसुंबी, फिका नको

आमच्या पेठेत दिवाळीला हाताने लिहिलेले एक बाड फिरते. चारसहा मित्र आपापले लिखाण देतात, एकजण ते शिवतो, आणि नरकचतुर्दशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत ते घरोघर वाचले जाते. परत येते तेव्हा कडांना फराळाचे तेल लागलेले असते. यंदा मंडळी म्हणाली, “गोपाळा, तू तुझ्या धंद्याबद्दल लिही. पण कुणाशी भांडू नकोस.” पहिली गोष्ट करतो. दुसरीची हमी देत नाही.

माझा धंदा म्हणजे लोकांची पत्रे वाचून द्यायची आणि लिहून द्यायची. पुण्यात बुधवार पेठेत, पाण्याच्या हौदाजवळ एका देवळाचा ओटा आहे. तिथे मी बसतो. तिशी गाठायला अजून अवकाश आहे, पण मिसरूड फुटायच्या आधीपासून बसतो आहे, म्हणून जुन्यांत धरायला हरकत नाही. बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावांतली माणसे येतात, कमरेच्या कनवटीतून पत्राची घडी काढतात आणि पुढे करतात. कुणाचा मुलगा मोहिमेवर असतो, कुणाची लेक खानदेशात दिलेली असते.

लोकांना वाटते, वाचणाऱ्याचे काम अक्षरे ओळखण्याचे. मलाही तसेच वाटे. त्याला कारण माझे मामा. मामा पत्रके लिहीत. कुणी धान्यात खडे मिसळले, कुणी हौदाचे पाणी आपल्या बागेत वळवून घेतले, की मामांची फर्द चावडीच्या भिंतीवर डकवलेली. आमच्या घरात पोथ्या दोन आणि पत्रकांच्या नकला पेटीभर. मुळाक्षरे मी त्यांच्यावरच गिरवली. त्यामुळे खरे ते स्वच्छ अक्षरात लिहिले की काम संपले, अशी माझी लहानपणापासून खात्री होती. लोक वाचतील, त्यांना समजेल, आणि ते नीट वागतील. या खात्रीचे पुढे काय झाले, तेच सांगायला बसलो आहे.

आधी पत्राबद्दल थोडे सांगतो, कारण ज्यांना स्वतः वाचता येते त्यांना हे ठाऊक नसते. पत्राचा पुढचा भाग ठरलेला असतो. येथील क्षेम, आपले क्षेम लिहीत जावे. घर जळाले असले तरी पत्र क्षेमापासूनच सुरू होते. मग ‘विशेष’ असे येते, आणि खरा मजकूर तिथून पुढे. शेवटी बहुतेक पत्रांत असते की बाकी मजकूर जासूद तोंडी सांगेल. म्हणजे पत्राचा अर्धा भाग कागदावर आणि अर्धा पत्र आणणाऱ्याच्या तोंडात. जी गोष्ट चारचौघांत वाचली जाऊ नये ती कागदावर घालत नाहीत. म्हणून जो केवळ कागद वाचतो त्याने अर्धेच पत्र वाचलेले असते.

आणि ऐकणारा तर त्याहून कमी ऐकतो. तांबट आळीतले एक गृहस्थ आमचे नेहमीचे. त्यांचा मेहुणा नाशकात. ‘विशेष’ हा शब्द आला की ते हात वर करत. “कळलं. पैसे मागतोय.” एकदा मेहुण्याने मुलीच्या लग्नाचे आमंत्रण पाठवले. मी ‘विशेष’पर्यंत आलो आणि यांचा हात वर. उत्तर सांगितले, की यंदा आमची फार ओढाताण आहे, जमणार नाही. मी म्हणालो, “अहो, ऐकून तरी घ्या.” म्हणाले, “तुम्ही लिहा. मेहुणा माझा आहे की तुमचा?” महिन्याने मेहुण्याचे पत्र आले, की लग्नाला येऊन जेवायला ओढाताण कसली? ते ऐकून गृहस्थ माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “बघा. पुन्हा मागितले.”

यावर आम्ही पुष्कळ हसलो. पण हसू ओसरल्यावर मला एक गोष्ट कळली. माणूस पत्र ऐकायला येतो तेव्हा त्याच्या मनात एक पत्र आधीच लिहिलेले असते. आम्ही जे वाचतो ते त्या पत्राशी जुळले तर त्याला ऐकू जाते, नाही जुळले तर तो आपलेच वाचत बसतो.

त्या ओट्यावर माझ्या कितीतरी आधीपासून तात्या बसत. हा धंदा मी त्यांच्याकडून शिकलो. तात्यांचे अक्षर मोत्यासारखे, जीभ मात्र कातरीसारखी. फक्त मरणाची पत्रे वाचताना ती जीभ मऊ होई. पत्रात ‘कैलासवासी जाहले’ असे असले तर तात्या वाचत, ‘फार आजारी आहेत.’ मग बरोबरच्या एखाद्या शहाण्या माणसाला बाजूला घेऊन खरे सांगत. घरी पोचेपर्यंत माणसे तयार होत.

मी नवा होतो तेव्हा यावरून आमची जुंपली.

“पत्रात ‘आजारी’ कुठं आहे, तात्या?”

“पत्रात नाही. माझ्या तोंडात आहे.”

“म्हणजे खोटं.”

“खोटं नव्हे रे, पायरी आहे. माडीवरच्या माणसाला खाली आणायचं तर ढकलायचं की उतरवायचं?”

“आणि उद्या खरंच कुणी नुसता आजारी असला तर?”

“तर घरचे उगाच रडतील. तो बरा होऊन आला की हसतील. तुझ्या बापाचं काय जातं?”

मी म्हणालो की मी असे कधी वाचणार नाही. जे लिहिले असेल तेच वाचीन, शब्द घालणार नाही, शब्द काढणार नाही. तात्या म्हणाले, “वाच. तुझ्या मामाचं रक्त आहे. भिंतीसुद्धा ऐकत होत्या त्याचं, फक्त माणसं सोडून.”

पण तात्यांची ही दया सगळ्या मुलखाला माहीत झाली होती. बाजाराला येणारी माणसे आपसांत म्हणत, पुण्याच्या ओट्यावर ‘आजारी’ म्हणाले तर गेला समजायचे, आणि ‘खुशाल आहे’ असे दोनदा म्हणाले तर मन घट्ट करायचे. हे मी नीट ध्यानात घेतले नाही. मी माझ्यापुरता खरे वाचत होतो. ओट्याचे वाचन म्हणजे काय, हे ऐकणाऱ्यांनी कधीच ठरवून टाकले होते.

मांजरी गावाहून सिदोजी आला तो भाद्रपदातल्या बाजाराला. म्हातारा, उंच, काठी नुसती हातात धरायची म्हणून धरलेली. मागे त्याची सून सगुणा, पदर पुढे ओढून पायरीखाली उभी. सिदोजीचा मुलगा रायाजी एका सरदाराच्या पथकात बारगीर होता. घोडा सरदाराचा, स्वार हा. पथक उत्तरेत नर्मदेपलीकडे गेले होते.

गावच्या कुळकर्ण्याशी सिदोजीचा बांधावरून तंटा होता, म्हणून पत्र घेऊन तो आमच्याकडे आला. त्याने ओट्यावर एक गाठोडे ठेवले आणि गाठ सोडली. आत पागोटे होते. पांढरे, उन्हाने पिवळे पडलेले, घामाच्या रेघा असलेले. त्यावर पत्राची घडी.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, ती या मुलखात कुणाला सांगावी लागत नाही. मोहिमेवर माणूस पडला आणि देह आणणे शक्य नसले, तर त्याचे पागोटे घरी येते.

मी विचारले, “जासुदानं तोंडी काय सांगितलं?”

“जासूद कुठला, पंत. त्यो बऱ्हाणपुरालाच तापानं पडला म्हनं. दुसऱ्याच कुणी आणून सरदाराच्या वाड्यावर टाकलं. तिथल्या शिपायानं दिलं. त्याला काय ठावं न्हाई.” मग पागोट्याकडे न बघता म्हणाला, “वाचा.”

मी वाचले. ते पत्र मला अजून पाठ आहे.

“तीर्थरूप आबा यांचे सेवेशी अपत्य रायाजीचा साष्टांग दंडवत. येथील क्षेम जाणून आपले क्षेम लिहीत जावे. विशेष. आम्ही खुशाल आहो, चिंता न करणे. सरदारांनी मेहेरबान होऊन आम्हांस नवे पागोटे बांधिले. जुने पाठविले आहे. ते पुण्यात चांगल्या रंगाऱ्याकडे देऊन कुसुंबी करून ठेवणे. गडद असावे, फिका नको. ठकूचे लग्नास येऊ तेव्हा तेच बांधू. तोवर वाट पाहू नये. घरच्यांस संभाळावे, गुरांस जपावे. बाकी मजकूर जासूद मुखवचने सांगेल त्यावरून कळेल.”

ठकू ही रायाजीची धाकटी बहीण. तिचे लग्न माघात व्हायचे होते.

सिदोजी मान हलवत ऐकत होता. मी थांबलो तसे म्हणाला, “झालं?”

“झालं. आबा, रायाजी खुशाल आहे. त्याला नवं पागोटं मिळालंय, मानाचं. जुनं रंगवायला पाठवलंय.”

त्याने माझ्याकडे पाहिलेच नाही. तात्यांकडे वळला. “तात्या, ह्यो नवा हाय का?”

“नवा नाही. जुनाच आहे, डोकं तेवढं गरम आहे.”

“मंग तुमी वाचा.”

तात्यांनी पत्र घेतले, डोळ्यांजवळ धरले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. एक अक्षर बदलले नाही. वाचून घडी घातली आणि म्हणाले, “सिदोजी, मुलगा खुशाल आहे. या वेळी खरंच.”

 म्हातारा हळू आवाजात म्हणाला, “माज्या भावाच्या येळंला बी तुमीच वाचलं हुतं, तात्या. ‘आजारी हाय’ म्हणला. बाजूला घिऊन खरं सांगायला माज्यासंगं कुणी नव्हतं. आमी घरी जाऊन काढा उकळत बसलो, पत्राबरबर धाडायला.”

तात्यांनी घडी ओट्यावर ठेवली. 

“आबा, इथं स्पष्ट लिहिलंय,” मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. “आम्ही खुशाल आहो. यापेक्षा आणखी काय लिहायचं त्याने?”

“पंत, मेल्याचं कुणी सरळ लिवतं का? सोबत्यांनी लिवलं आसंल, म्हाताऱ्याला सोसंल असं. वाट पाहू नये म्हणलंय. घरच्यांस संभाळावं म्हणलंय. आनि ह्ये,” त्याने पागोट्याला पहिल्यांदा हात लावला, “ह्ये काय पत्र हाय व्हय, दोन बाजूंनी वाचायला?”

त्याने पागोटे गुंडाळले. पत्र ओट्यावर तसेच राहिले. मी ते पुढे केले तर म्हणाला, “राहू द्या. मेल्याचा कागद घरात काय करायचा.” जाताना सगुणाने एकदा मागे वळून पाहिले, माझ्याकडे नव्हे, पत्राकडे.

तिसऱ्या दिवशी मी चालत मांजरीला गेलो. तात्या म्हणाले होते, “आपण वाचणारे. ओट्याच्या खाली आपलं काम नाही.” मी म्हणालो, पत्र समजले नाही तर वाचले कशाला? गेलो तेव्हा सिदोजीच्या दारात माणसे बसली होती. गावच्या जोशाने पळसाच्या पानांचा पुतळा करायला सांगितला होता. देह नसला की पुतळ्याला अग्नी देतात. त्या पुतळ्याच्या डोक्यावर ठेवायला पागोटे हवे होते आणि ते सगुणा देत नव्हती. आतून बायकांचे आवाज येत होते. तिचा आवाज येत नव्हता.

मी अंगणात उभा राहून पत्र मोठ्याने वाचले. सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकले. झाल्यावर एकाने मला गूळपाणी दिले. लांबून समाचाराला आलेल्या माणसाला देतात, तसे.

सिदोजी मला बांधापर्यंत पोचवायला आला. “पंत, तुमी चांगलं माणूस हाय. पर तुमचं पोट लोकांच्या आशेवर चालतं. आमचं न्हाई चालत. पुन्यांदा येऊ नगा.”

सगुणाच्या बांगड्या त्याच दिवशी फुटल्या. पुतळा पागोट्याशिवायच जळाला.

मी पुण्याला परतलो आणि मामांनी केले असते तेच केले. फर्द लिहिली. तिचे नावच ठेवले ‘वाचणाऱ्यांस व ऐकणाऱ्यांस विनंती’. लिहिले, की अक्षरे उच्चारणे म्हणजे वाचन नव्हे. कोण लिहितो, कुणाला लिहितो, कोणत्या प्रसंगी लिहितो हे विचारल्यावाचून कागद उघडू नये. भीतीने वाचणारा भीतीच वाचतो. आणि जे वाचणारे दयेपोटी मजकूर फिरवतात, ते पुढच्या शंभर खऱ्या पत्रांचे तोंड बंद करतात. स्वच्छ अक्षरात चार नकला केल्या आणि चावडीच्या भिंतीवर डकवल्या.

लोकांनी ती वाचली. गर्दी करून वाचली. संध्याकाळपर्यंत पेठेत बोभाटा झाला की ही फर्द एका शास्त्रीबुवांवर आहे, त्यांनी वादसभेत एका वचनाचा अर्थ फिरवला होता म्हणे. दुसरा पक्ष म्हणाला, छे, ही कोतवालाच्या कारकुनावर आहे. कोतवालीचा प्यादा ओट्यावर येऊन मला विचारून गेला की ‘दयेपोटी’ म्हणजे कुणाच्या दयेपोटी. शास्त्रीबुवांचे शिष्य आठवडाभर माझ्याकडे रागाने बघत होते.

तात्यांनी सगळे ऐकून घेतले. ती फर्द त्यांच्यावर होती, हे पुण्यात फक्त त्यांनाच समजले होते. म्हणाले, “लोकांना वाचलेलं समजत नाही म्हणून लिहिलंस. तेही समजलं नाही. आता त्याच्यावर आणखी एक लिही.” थोड्या वेळाने म्हणाले, “अक्षर मात्र चांगलं आहे.”

दसऱ्यानंतरच्या बाजाराला सगुणा आली. बरोबर तिचा भाऊ होता. हात मोकळे, कपाळ मोकळे. ओट्याच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, “पंत, त्यो कागद हाय का अजून?”

मी पेटीतून काढला आणि वाचायला लागलो. पण तिने मला एका दमात वाचू दिले नाही. एकेका वाक्याला थांबवी.

“ह्ये लिवताना त्यांनी सांगितलं आसंल आनि दुसऱ्यानं लिवलं आसंल, व्हय?”

“हो. छावणीतल्या कारकुनानं.”

“मंग ‘क्षेम’ नि ‘दंडवत’ ह्ये कारकुनाचं.”

“बरोबर.”

“आनि ‘गडद असावे, फिका नको’, ह्ये कुणाचं?”

मी उत्तर देणार तोच ती म्हणाली, “मेलेल्याच्या सोबत्यांनी म्हाताऱ्याचं मन राखायला लिवलं, तर खुशाल हाय म्हणतील. येतो म्हणतील. रंग गडद पायजे, फिका नगं, ह्ये कशाला म्हणतील? फिक्या रंगावर आमची दोघांची कायमची भांडणं. माजं लुगडं फिकं निघालं तवा त्यांनी रंगाऱ्याला शिव्या दिल्या हुत्या.”

 इतकी वर्षे वाचतो आहे, इतके चांगले वाचलेले मी ऐकले नव्हते. मी ‘आम्ही खुशाल आहो’ या शब्दांवर भांडत बसलो होतो. ते शब्द कुणीही लिहिले असते.

“तुम्ही सासऱ्यांना हे सांगितलं?”

“सांगितलं. म्हणले, पोरी, तुला तसं वाटतंय.” मग भावाकडे पाहून म्हणाली, “माघात ठकूचं लगीन हाय. लग्नास येऊ म्हणलंय. तवर मी म्हायेरी ऱ्हाते. पागोटं माज्यापाशी हाय. आता रंगवीत न्हाई, लोक काय म्हंतील. येतील तवा रंगवू.”

ती जायला उठली.  तात्या म्हणाले, “बाई, येईल तो.” ती थांबली. “तात्या,” ती म्हणाली, “तुमी म्हणू नगा. पंतांना म्हणू द्या.”

माघात ठकूचे लग्न झाले. रायाजी आला नाही.

लग्नाचा दिवस टळला तसा माझाही धीर सुटत गेला. ‘लग्नास येऊ’ या पत्रातल्या एका वाक्याला धरून आम्ही दोघे उभे होतो आणि ते वाक्यच खोटे ठरले. मी रात्रंदिवस तेच पत्र मनात वाचत असे, आणि खरे सांगायचे तर मलाही ते सिदोजीसारखे ऐकू येऊ लागले. वाट पाहू नये. घरच्यांस संभाळावे.

आणखी एक वर्ष गेले. सगुणाच्या भावाने तिचा पाट लावून दिला, लोणी काळभोरच्या एका विधुराशी. भला माणूस होता म्हणतात. जायच्या आधी ती एकदा बाजारात दिसली. ओट्यासमोर येऊन उभी राहिली. मी सवयीने पेटीला हात घातला.

“नगं, पंत,” ती म्हणाली. “आता पुन्यांदा ऐकलं तर जाववायचं न्हाई.”

पुढच्या वर्षी, पिके निघाल्यावर, एक लंगडणारा माणूस ओट्याशी आला. डोक्याला चांगले पण जुने झालेले जरीकाठी पागोटे. त्याने विचारले, “मांजरीच्या सिदोजीचं पत्र इथंच वाचलं का?” मी हो म्हणालो. तो म्हणाला, “मी रायाजी.”

तात्यांच्या हातातला बोरू खाली पडला.

त्याची हकिकत थोडक्यात अशी. ठकूच्या लग्नासाठी निघायच्या सुमारास त्याचा घोडा एका ओढ्यात कोसळला आणि याच्या मांडीचे हाड मोडले. पथक पुढे गेले, याला बुंदेलखंडातल्या एका आडबाजूच्या गढीत ठेवले. तिथे जासूद येत नसत. पाय जुळला तो वाकडा. मग पायी, कधी बैलांच्या तांड्याबरोबर, दरमजल करत तो आला होता. दारात उभा राहिला तर बापाने विचारले, कोण? गावात कुणी म्हणाले तोतया असेल. जोशाने सांगितले की ज्याचा अग्नी झाला त्याला नव्याने जन्म द्यावा लागतो, सगळे विधी बारशापासून.

“बापाला माज्यापरीस पागोट्यावर जास्ती भरोसा,” रायाजी म्हणाला आणि हसला. “पत्र हाय म्हणं तुमच्यापाशी. मी काय सांगितलं हुतं त्ये ऐकायचं हाय.”

मी वाचले. तो खाली मान घालून ऐकत होता. “पुन्यांदा,” म्हणाला. मी पुन्हा वाचले. दुसऱ्या वेळी त्याने डोक्यावरचे पागोटे काढून समोर ओट्यावर ठेवले आणि त्याच्याकडे बघत ऐकले.

“पंत, ह्यो माणूस तर मेलेला हाय,” तो म्हणाला. “मलाबी तसंच ऐकू आलं. आबाचा काय दोष.”

तात्यांनी तांब्या पुढे केला.  “दोष माझा आहे रे,” ते म्हणाले. “मी लोकांना पायऱ्या करून देत होतो. त्यावरून चालून चालून त्यांना सपाट जमीन दिसेनाशी झाली.” रायाजीला ते कळले नसावे. त्याने पाणी प्यायले.

मी त्याला विचारले, जी गोष्ट मला इतकी वर्षे छळत होती. “जासूद तोंडी काय सांगणार होता?”

रायाजी जरा लाजला. “पत्र बापाच्या नावानं. त्यात बायकूला काय लिवायचं, चारचौघांत वाचणार. म्हणून त्याला म्हणलं हुतं, परड्यात सगुणाला येकटीला गाठ आनि सांग, पागोटं आबाच्या हाती देऊ नगं, तू सोता रंगाऱ्याकडं घिऊन जा. तेवढंच तुजं पुणं बघून हुईल. घरातनं कोण बाहेर पडू देतंय तिला.”

एवढाच मजकूर होता. तो बऱ्हाणपुरात एका तापलेल्या माणसाच्या तोंडात राहिला.

पुढे गोताची सभा बसली. बायको परत मागायची का, असा विषय निघाला. रायाजी म्हणाला, तिने काय चोरी केली? तिने वाट पाहिली, मी आलो नाही. विषय तिथेच मिटला. लोणीला सगुणाचा मुलगा तेव्हा रांगत होता.

त्या प्रसंगापासून मी पत्र हातात आले की लगेच उघडत नाही. आधी समोरच्या माणसाला विचारतो, “यात काय असेल असं वाटतं?” तो सांगतो. मग म्हणतो, “ते जरा बाजूला ठेवा, आता ऐका.” मग विचारतो, आणणारा काय म्हणाला, लिहिणारा कशावर हट्ट धरतो, कशावर भांडतो. लोक वैतागतात. म्हणतात, पंत, वाचायचं काम आहे की न्यायाचं? तांबट आळीतल्या गृहस्थांनी तर दुसरा ओटा गाठला. वाचल्यावर मी ऐकणाऱ्याकडून मजकूर परत सांगून घेतो. तो जुळेपर्यंत उठू देत नाही. ज्याला ‘समजलं’ म्हणायची घाई असते, त्याला समजलेले नसते, एवढे मी या ओट्यावर शिकलो. तात्या आता बसत नाहीत. नजर गेली. मरणाचे पत्र आले तर मी मरण असेच वाचतो, आणि वाचल्यावर ओट्यावरून खाली उतरून त्या माणसाजवळ बसतो. उतरवायचे तर असे उतरवावे, असे मला वाटते.

एक गोष्ट सांगायची राहिली.

रायाजी मधूनमधून ओट्यावर येऊन बसत असे. लंगड्या पायाने शेतात फार काम होत नसे. अशाच एका बाजाराच्या दिवशी सगुणाचा भाऊ आला. त्याच्या हातात गाठोडे होते. ते त्याने रायाजीपुढे ठेवले आणि म्हणाला, “दाजी, लोणीहून धाडलंय.”

रायाजीने गाठ सोडली. आत पागोटे होते. कुसुंबी, गडद, जास्वंदीच्या पाकळीसारखे. घामाच्या रेघा कुठे दिसत नव्हत्या. मी सवयीने पागोट्याच्या घडीत कागद शोधला. कागद नव्हता.

“काही निरोप?” रायाजीने विचारले.

“काय न्हाई. फकस्त म्या म्हणलं, दे, मी रंगवून आणतो. तर म्हणली, नगं, मीच जाते. पोराला कडंवर घिऊन आली, रंगारी आळीत दिवसभर बसली. दोनदा परत बुडवायला लावलं त्याला. फिकं वाटलं म्हणून.”

रायाजीने पागोटे डोक्याला बांधले नाही. मांडीवर घेतले, मोडलेल्या मांडीवर, आणि त्यावरून हात फिरवत बसला. परड्यातला तो निरोप तिला कुणी कधी सांगितला नव्हता, हे आम्हा ओट्यावरच्यांनाच ठाऊक होते.

भाऊ जायला निघाला. मी बोरू शाईत बुडवला, कागद पुढे ओढला आणि म्हणालो, “रायाजी, सांग. काय लिहू?”

त्याने खूप विचार केला.  मग माझ्या हातावर हात ठेवून बोरू खाली ठेवायला लावले.

“नगं, पंत,” तो म्हणाला. “लिवलं की कुनीतरी वाचंल.”